लिलावात माल टाकण्याआधी मागणी तपासताय? या चुका टाळा

ऑनलाइन साइटवर सात दिवसांचा लिलाव लावला, रोज उघडून पाहिला आणि एकही बोली आली नाही, की आपण फोटोंना दोष देतो, नाहीतर साइटला. खरी चूक बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, माल विकत घेतानाच झालेली असते. ‘याला मागणी आहे’ हे आपण कशावरून ठरवलं?

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे मागितलेली किंमत पाहून हिशेब मांडणं. साइटवर वस्तूचं नाव टाकलं की समोर येतात त्या चालू लिस्टिंग, म्हणजे अजून न विकलेल्या वस्तू. योग्य भावातल्या वस्तू पटकन विकल्या जाऊन यादीतून निघून जातात. अवाच्या सवा भाव लावलेल्या मात्र महिनोन्‌महिने तिथेच पडून राहतात. त्यामुळे चालू यादीची सरासरी खऱ्या बाजारभावापेक्षा चढीच दिसण्याची शक्यता जास्त. म्हणून आधी ‘विकलेल्या वस्तू’ हा फिल्टर लावा. ईबे या ऑनलाइन लिलाव-विक्रीच्या साइटवर ‘सोल्ड आयटम्स’ आणि ‘कम्प्लिटेड आयटम्स’ असे दोन वेगळे फिल्टर आहेत आणि त्यांत गल्लत फार होते. पहिल्यात फक्त विकलेला माल दिसतो, दुसऱ्यात मुदत संपूनही न विकलेला मालसुद्धा. किमतीवर काट मारलेली असेल आणि खाली ‘बेस्ट ऑफर’ (ग्राहकाने घासाघीस करून सुचवलेला भाव) स्वीकारल्याची नोंद असेल, तर सौदा त्या आकड्याला झालेला नाही, त्याहून कमीत झालाय. तो आकडा हिशेबात धरू नका.

हे दोन्ही फिल्टर मिळून फार मोलाची गोष्ट सांगतात. एखाद्या वस्तूचे 40 नग विकले गेले, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. 50 लिस्टिंगपैकी 40 विकले गेले असतील तर तो माल डोळे झाकून घ्यावा असं मी म्हणेन. 400 पैकी 40 असतील, तर प्रत्येक दहातले नऊ विक्रेते रिकाम्या हाताने परत गेलेत. विक्रीचा आकडा तोच, पण बाजार पूर्ण वेगळा. मी तरी हे प्रमाण काढल्याशिवाय कुठल्याही मालात पैसे अडकवू नयेत, याच मताचा आहे.

विकलेल्यांच्या यादीतही मन सगळ्यात वरच्या आकड्याकडेच धावतं. ती वस्तू बहुधा न उघडलेल्या खोक्यातली असते, सगळ्या सुट्या भागांसकट, आणि आपल्याकडची असते वापरलेली. आपल्यासारख्याच स्थितीतल्या वस्तू निवडा, किमती चढत्या क्रमाने लिहा आणि मधला आकडा घ्या. पाठवणीचा खर्च किमतीत धरलाय की वेगळा, तेही पाहा.

आता लिलावाची खास गोम. ईबेसारख्या साइटवर बोली लावणारा आपली कमाल रक्कम आधीच भरून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. त्यामुळे अंतिम किंमत ठरवतो तो दुसऱ्या क्रमांकाचा बोलीदार: त्याची मर्यादा संपली की त्याहून एखादी पायरी वर लिलाव थांबतो. म्हणजे एक वेडा चाहता पुरत नाही, दोन लागतात, आणि तेही एकाच आठवड्यात. 1995 मध्ये ईबेवर पहिल्यांदा विकली गेलेली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर, तो 14.83 डॉलरला गेला. म्हणून कोणी बिघडलेले लेझर पॉइंटर पेटीभर गोळा केले असते, तर काय झालं असतं? एका विक्रीवरून बाजार ठरत नाही. विकलेल्या लिलावांत बोल्या किती आल्या आणि किती वेगवेगळ्या लोकांनी लावल्या, हे बघत चला. यादीतली बहुतेक विक्री ठरलेल्या किमतीला झालेली असेल, तर तुम्हीही तसंच विका. सगळीकडे नवीकोरी मिळणारी वस्तू घेण्यासाठी सात दिवस ताटकळत बसणार कोण? लिलाव शोभतो तो दुर्मीळ, जिचा भाव कोणालाच नेमका सांगता येत नाही अशा वस्तूला.

काळाचं भानही हवं. नेहमीच्या शोधात साधारण 90 दिवसांतलीच विक्री दिसते. तेवढ्यावरून हंगामी मालाचा अंदाज बांधलात तर फसाल. ईबेच्या विक्रेत्यांसाठीच्या टेरापीक या साधनात याहून जुनी आकडेवारी मिळते. गुगल ट्रेंड्स जरूर पाहा, पण तिथले 0 ते 100 हे आकडे शोधांची संख्या नाहीत. निवडलेल्या काळातल्या शिखराला 100 मानून बाकीचं त्याच्या तुलनेत दाखवलेलं असतं. शिवाय शोधणारा प्रत्येक जण घेणारा नसतो. आणि लाटेवर स्वार होताना बीनी बेबीज आठवा: 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात या छोट्या मऊ कापडी खेळण्यांवर लोक तुटून पडले होते, मग भाव कोसळले आणि साठवणाऱ्यांच्या घरात ढीग उरले.

एवढं करूनही बोली आली नाही तर? लिस्टिंग उघडून पाहणारेच कमी असतील तर शीर्षकात ग्राहक वापरतो ते शब्द नाहीत. विकल्या गेलेल्या लिस्टिंगची शीर्षकं वाचून ते शोधा. पाहणारे भरपूर, पण कोणी वॉचलिस्टमध्ये (नजर ठेवायच्या वस्तूंच्या यादीत) टाकत नाही, तर सुरुवातीची बोली किंवा पाठवणीचा खर्च जड वाटतोय. वॉचलिस्टमध्ये आहे पण बोली नाही, तर घाई करून लिलाव मागे घेऊ नका, कारण मुरलेले बोलीदार शेवटच्या काही मिनिटांतच उतरतात. आणि जिंकणाऱ्याने पैसेच दिले नाहीत, तर ती विक्री आपल्या वहीत मांडू नका.

पहिल्या खेपेला दोन-तीनच नग घ्या आणि ते एकाच वेळी लावू नका. एकाच दिवशी तिन्ही लावले तर आपलेच लिलाव एकमेकांचे बोलीदार पळवतात. एक संपल्यावर दुसरा लावा, आणि दर वेळी वेगवेगळे किती लोक आले ते टिपून ठेवा.