कप हलवायला विसरू नका : मस्कतला येणाऱ्या पाहुण्यांसाठी

डिसेंबर उजाडला की मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या दोन खोल्यांत माहेरची-सासरची वर्दळ सुरू होते. चौदा वर्षं मी प्रत्येकाला फोनवर त्याच सूचना देत आलेय. यंदा घसा बसलाय, म्हणून लिहूनच काढते.

पहिली सूचना बॅग भरतानाची. दुबईमार्गे येणार असाल तर खसखस आणू नका. अमिरातीत आणि सौदीत खसखशीवर बंदी आहे, ती अफूच्या बोंडातली म्हणून. नुसती पुडी काढून ठेवली म्हणजे झालं असं नाही, करंजीचं सारण आणि गोडा मसालाही आठवून बघा. आमच्या सासूबाईंनी एका दिवाळीत अनारसे तिळावर थापून आणले. चव गेली ती माझ्यामुळे, हे मला अजून ऐकावं लागतं. खोकल्याची आणि झोपेची औषधं आणायची तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ पाकीट बरोबर ठेवा.

कपड्यांचं फार टेन्शन घेऊ नका. साडी, सलवार-कमीज इथे रोज दिसते. खांदे आणि गुडघे झाकलेले असले की बाजारात कुणी वळून बघत नाही. पुरुषांनीही हाफ पँट घरीच ठेवावी. वादी शाबच्या घळीत पाण्यात उतरायचं असेल तर वरून टी-शर्ट आणि गुडघ्याखाली येणारी पँट घाला. सुलतान काबूस मशिदीत मात्र नियम कडक. बायकांचे केस, मनगटं, घोटे झाकलेलेच हवेत. माझी भाची तोकडी लेगिंग घालून आली होती, तिला दारातूनच परत फिरवलं. मग तिथलाच अबाया, म्हणजे पायघोळ झगा, भाड्याने घेतला आणि त्याचेच फोटो तिने सगळ्यांत जास्त काढले. मुसलमान नसलेल्यांना शनिवार ते गुरुवार, सकाळी ८ ते ११ एवढ्याच वेळात आत सोडतात. शुक्रवारी जाऊ नका. आतला गालिचा इराणमध्ये हाताने विणलेला, १७० कोटी गाठींचा. त्यावरून चालायची पट्टी वेगळी घातलेली आहे, ती सोडू नका.

आता बोलण्याचं. ओमानी माणूस भेटला की थेट कामाचं बोलू नका. आधी ‘अस्सलामु अलैकुम’, मग ‘कसे आहात’ म्हणून पुरुष असेल तर ‘कैफ हालक’, बाई असेल तर ‘कैफ हालिक’, मग तब्येत, घरची मंडळी, प्रवास. एवढं झाल्यावर टॅक्सीचं भाडं विचारा. आपल्याकडे गावी पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला आधी पावसापाण्याचं विचारतो, तसंच हे. पुरुषाला ‘बायको कशी आहे’ असं मात्र विचारू नये, ‘घरचे कसे आहेत’ एवढंच पुरे. परक्या बाईपुढे पुरुषांनी आपण होऊन हात करू नये. तिने केला तर मिळवा, नाहीतर छातीवर हात ठेवला की झालं.

आणि एक. हिंदीत कुणाची उणीदुणी काढू नका! मुतरहच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, आमच्या वन्संनी लोबानाचा भाव ऐकला आणि भावजींना म्हणाल्या, “ये बुढ्ढा तो लूट रहा है.” म्हातारा शांतपणे लोबानाचा खडा निखाऱ्यावर ठेवत म्हणाला, “बहनजी, सलाला का माल है, सूंघ के देखो.” वन्संचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. १९७० पर्यंत इथे रिझर्व्ह बँकेने काढलेला आखाती रुपया चालत होता, मस्कतला शंकराचं देऊळ आहे. हिंदी या लोकांना परकी कशी असेल? घासाघीस जरूर करा, पण हसत.

फोटो विचारून काढा. बायकांचे काढूच नका. पोलीस, लष्कर दिसलं की मोबाईल खिशात. रमजानात येणार असाल तर दिवसा उजेडी चारचौघांत पाण्याचा घोटही नाही, गाडीत बसूनसुद्धा नाही.

सगळ्यांत मजा येते ती कुणी घरी बोलावल्यावर. निझव्याला ह्यांच्या ऑफिसातल्या एकाने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. चपला बाहेर काढल्या, मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, गालिच्यावर बसलो. मांडी घाला किंवा पाय दुमडून बसा, तळवे कुणाकडे करू नका. खजूर आणि हलवा आला, मग कहवा, म्हणजे अरबी कॉफी. वाढणाऱ्या मुलाच्या डाव्या हातात दल्ला, म्हणजे चोचीची किटली, आणि उजव्यात कानाशिवायचे इवलेसे कप. कप उजव्या हातानेच घ्यायचा. डाव्या हाताने प्रसाद न घेणाऱ्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. कपात तळाशी घोटभरच ओततात, त्याला चिकटपणा समजू नका. भरून दिला तर उरका आणि निघा असा अर्थ होतो म्हणे. नको असेल तर रिकामा कप मनगटातून दोनदा-तीनदा हलवून परत द्यायचा. हे सांगायला मी विसरले. भावजी प्रत्येक वेळी कप नीट खाली ठेवायचे आणि मुलगा प्रत्येक वेळी तो भरायचा. सातव्या कपाला भावजींनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मीच कप घेतला आणि हलवला.

जेवण एकाच मोठ्या परातीत येतं, भातावर मटण. आपल्यासमोरचंच खायचं, परातीत हात फिरवायचा नाही. शाकाहारी असाल तर आमंत्रण स्वीकारतानाच सांगा. आयत्या वेळी सांगितलंत तर यजमानीणबाई लाजेने अर्ध्या होतील आणि तुम्ही खजुरावर राहाल.

शेवटी धुपाटणं आणि अत्तर फिरतं. धूर पदराखाली, ओढणीत घ्यायचा, पुरुष दाढीत घेतात. ते आलं म्हणजे बैठक संपली, आभार मानून पाच मिनिटांत उठायचं. आमचे भावजी तोवर कप हलवायला शिकले होते. धूप झाल्यावर त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने आणखी एक कहवा मागितला, आणि आम्ही तासभर तिथेच.