कॅनडाचा वकील सोलापुरातून कसा शोधावा

जिल्हा न्यायालयाबाहेर मी बत्तीस वर्षं टायपिंग केलं. प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं, नोटिसा. त्यामुळे थोरलीचं लग्न कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या मुलाशी झालं आणि जावई तिला स्पॉन्सर करायचं, म्हणजे बायको म्हणून अर्ज करून तिकडे कायमचं बोलवून घ्यायचं म्हणाला, तेव्हा मला वाटलं, वकिलाचं काय, शंभर ओळखीचे आहेत. ज्यांचे दावे जन्मभर टाइप केले, त्या वकीलसाहेबांकडे गेलो. ते हसले. "अहो, मला घटस्फोटाचं तेरा-ब येतं. कॅनडाचं मला काय विचारताय?" वर चहा पाजला. प्रामाणिक माणूस.

दुसरा भेटला तो सात रस्त्याजवळचा एजंट. काचेवर विमानाचं चित्र, आत एसी. "दीड लाख होतील, रोख दिले तर सव्वा. काय टेन्शन घेऊ नका वो, पेपर सगळे मी बघतो." लायसन्स नंबर विचारला तर गड्यानं भिंतीवरचं शॉप ॲक्टचं प्रमाणपत्र दाखवलं. शिवाय सल्ला दिला, "दोन भेटींत ठरलेलं लग्न तिथल्या साहेबाला पटत नाही. दोघं कॉलेजपासून ओळखत होते, असं लिहू." मी चप्पल घातली आणि निघालो. अर्जात खोटं सापडलं तर पाच वर्षं कॅनडाची दारं बंद होतात, हे मला पुढे कळलं. आणि ठरवून केलेली लग्नं तिथल्या अधिकाऱ्यांना काही नवीन नाहीत. फॉर्ममध्येच विचारतात, ओळख कशी झाली, कुणी करून दिली, लग्नाला कोण कोण होतं. खरं ते नीट लिहायचं, एवढंच.

तर आता कामाचं. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचं काम करायची परवानगी मोजक्या लोकांना आहे. तिथल्या एखाद्या प्रांताच्या लॉ सोसायटीचे (वकिलांच्या संस्थेचे) सभासद, क्वेबेक प्रांतातले नोटरी (आपल्याकडे कोर्टाबाहेर शिक्का मारतो तो नोटरी हा नव्हे) आणि 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स' या संस्थेचे परवानाधारक सल्लागार. आपल्या बार कौन्सिलची सनद तिथे चालत नाही. सल्लागार भारतात बसलेला असला तरी चालतो, पण परवाना हवा. त्याच्या परवान्याचा नंबर 'आर' अक्षरानं सुरू होतो, पुढे सहा आकडे. हा नंबर त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर वाचून समाधान मानू नका. संस्थेच्या साइटवर यादी आहे, तिथे स्वतः नाव टाका आणि परवाना चालू आहे की निलंबित, ते बघा. वकिलाचं नाव प्रांताच्या लॉ सोसायटीच्या यादीत सापडतं. जावई ओंटारियोत असल्यामुळे आम्ही तिथली यादी बघितली.

आणखी एक. परवाना माणसाचा असतो, दुकानाचा नसतो. 'आमचे टोरोंटोचे वकीलसाहेब सही करतात' असं कुणी म्हणालं, तर त्या साहेबांनाच व्हिडिओ कॉलवर बोलवा. प्रतिनिधी नेमल्याचा एक वेगळा फॉर्म असतो, आयएमएम ५४७६. त्यावर ज्याचं नाव येणार, त्याच्याशीच बोलायचं. पैसे घेऊन 'फॉर्मवर माझं नाव नको' म्हणणारा असेल, तर विषय संपला.

वकील लागतोच असं नाही. वकील लावला म्हणून फाइल पुढे सरकत नाही, तिथलं सरकारच तसं सांगतं. पहिलंच लग्न, कागद सरळ, असं असेल तर पोरं स्वतः अर्ज भरतात. पण आधीचा घटस्फोट असेल, कुठलाही व्हिसा नाकारला गेला असेल, किंवा मुलगा कायम रहिवासी झाला तेव्हा त्याचं लग्न झालेलं होतं आणि त्यानं ते कळवलं नव्हतं, तर वकिलाशिवाय पाऊल टाकू नका. यातलं शेवटचं प्रकरण फार अवघड जातं. मुलगा स्वतःच कुणाचा तरी नवरा म्हणून स्पॉन्सर होऊन गेला असेल, तर कायम रहिवासी झाल्यापासून पाच वर्षं तो दुसऱ्या बायकोला स्पॉन्सर करू शकत नाही. चांगला वकील पहिल्या दहा मिनिटांत हेच विचारतो. आमच्याशी बोललेल्या तिघांपैकी एकीनं विचारलं, बाकी दोघांनी थेट फी सांगितली. तिलाच काम दिलं.

कॉल रात्री साडेआठला ठेवा. उन्हाळ्यात तिथे तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले असतात, हिवाळ्यात दहा. जावई आणि मुलगी दोघंही कॉलवर हवीत, कारण अर्ज दोघांचा असतो. आपण सासरेबुवा शेजारी बसून ऐकायचं. मला ते फार जड गेलं. पण तिथे मी एक गोष्ट विचारलीच, जावई हमी देतो म्हणजे नक्की काय. उत्तर मिळालं, मुलगी कायम रहिवासी झाल्यापासून तीन वर्षं तिचा खर्च त्याच्यावर, मधे काडीमोड झाला तरी. बापाला एवढं ऐकायचंच असतं.

करार लेखी घ्या. फीमध्ये काय येतं, सरकारी फी वेगळी का, आगाऊ दिलेले पैसे ट्रस्ट खात्यात (अशिलाचे पैसे वेगळे ठेवायच्या खात्यात) जातात का, आणि अर्ज नाकारला तर अपील त्यातच धरलंय का. अर्ज भारतातून असेल तर अपील स्पॉन्सर करतो आणि त्याला तीसच दिवस मिळतात, म्हणून हे आधी विचारायचं. 'शंभर टक्के गॅरंटी' लिहून देणाऱ्याकडे जाऊ नका. आणि पाठवण्याआधी भरलेला पूर्ण अर्ज मागवून स्वतः वाचा. आमच्याकडे मुलीच्या आजोळच्या गावाचं नाव चुकलं होतं.

वकिलाला फोन करण्याआधी घरचे कागद एका टेबलावर मांडा. महापालिकेचा जन्मदाखला, लग्नाची नोंदणी, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट. आईच्या नावातला 'व' एकीकडे व्हीनं आणि एकीकडे डब्ल्यूनं लिहिलेला असतो. सासरी तांदळाच्या ताटात नाव बदललं असेल, तर तेही आत्ताच सांगा. टोरोंटोचा वकील हे इथे येऊन दुरुस्त करणार नाही.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. मी म्हटलं, मी बसलोय ना. वकीलबाई म्हणाल्या, वडिलांनी केलेलं चालत नाही, घरच्या कुणाचंच नाही, आणि भाषांतर करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्रही जोडा. शेवटी नवी पेठेतल्या एका मुलाकडून करून घेतलं. प्रतिज्ञापत्राच्या मसुद्यात त्याच्या दोन चुका होत्या. त्या मी पेन्सिलीनं दाखवल्या, पण टाइप त्यालाच करू दिलं.