बारा पावसाळे उभी असलेली एमजीबी रस्त्यावर कशी आणाल?

किल्ली फिरवू नका. गाडीचं कव्हर काढल्यावर पहिला मोह तोच होतो. माटुंग्याला मामांची 1966 सालची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, बिल्डिंगखाली बारा पावसाळे उभी होती आणि "आधी सुरू होते का बघू" असं मामांनी दहा वेळा सांगितलं. मी ऐकलं नाही. तुम्हीही कुणाचं ऐकू नका, कारण कोरड्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या गंजलेल्या रिंगा घासल्या की दुरुस्तीचा खर्च कुठल्या कुठे जातो.

आधी गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवा आणि खाली शिरा. नुसत्या जॅकवर विसंबून कधीच नाही. एमजीबीला वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. दारांखालचे सिल (उंबऱ्यासारखा पत्रा) आणि पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत गंज आहे. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत वरचा रंग शाबूत राहतो आणि आतला पत्रा पापडासारखा होतो. तसं असेल तर आधी वेल्डिंगचा हिशेब करा, इंजिन नंतर.

मग चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस थांबा. गाडी खाली उतरवून टॉप गिअर टाका आणि हळूच पुढे ढकला. पंखा फिरला म्हणजे पिस्टन मोकळे आहेत. नाही फिरला तर जोर लावू नका. पुन्हा तेल, पुन्हा दोन दिवस. आमच्या पंख्याचं पातं चौथ्या दिवशी बोटभर सरकलं, तेव्हा मामा मटकन जिन्यावरच बसले.

आता ऑइल आणि फिल्टर बदला. बॅटरी जोडताना मात्र स्वतः उभे राहा. 1967 पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ असायचा, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, आणि सीटमागे 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. मेकॅनिक सवयीने निगेटिव्ह बॉडीला जोडतो. मधल्या काळात कुणी बदल करून घेतला आहे का, तेही तपासा. प्लग न लावताच सेल्फ मारा. ऑइल प्रेशरचा काटा उचलला की प्लग बसवा.

जुनं पेट्रोल एक थेंबही ठेवू नका. टाकी उतरवून धुऊन घ्या. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने जुन्या रबरी नळ्या फुगतात, शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं. त्यामुळे नळ्या आणि सील इथेनॉलला टिकणारेच घ्या. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या दोन्ही एसयू कार्ब्युरेटरचे पिस्टन बोटाने उचलून सोडा. 'टक्' करून खाली बसले पाहिजेत. अडकले तर फक्त धुवा, पॉलिश पेपर अजिबात लावू नका. पहिल्यांदा इंजिन सुरू कराल तेव्हा आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवा.

ब्रेकच्या बाबतीत मी हट्टी आहे. ब्रेक ऑइल ओल शोषतं आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. रबरी होज बाहेरून चांगला दिसतो, पण आतून फुगलेला असतो. मग ब्रेक लागतो आणि सुटत नाही. सगळं नवीन घाला. क्लचही हायड्रॉलिक आहे, तोही त्याच वेळी करा. बेल्ट, बेअरिंगसारख्या वस्तूंसाठी ऑपेरा हाऊस किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड फिरून बघा, पण ब्रेकचे किट इंग्लंडहून मागवा. एमजीबीचे भाग अजूनही नवीन बनतात. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा: 2309 म्हणजे 2009 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान असली तरी असा टायर काढून टाका.

कागदपत्रांचं काम पहिल्याच दिवशी सुरू करा. गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी होते: शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण मग ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती अशा कामांसाठीच बाहेर काढता येते. रोज चालवायची असेल तर आरटीओत नेहमीचं नूतनीकरण करा. नोंदणी आणि विमा हातात येईपर्यंत गाडी कंपाउंडबाहेर नेऊ नका.

आम्ही दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी रविवारी पहाटे फाइव्ह गार्डन्सभोवती घेतली. प्रत्येक फेरीनंतर थांबून चारही चाकांजवळ हात नेऊन बघायचं. तिसऱ्या फेरीला मागचं डावं चाक तापलेलं होतं. हँडब्रेकची केबल अडकली होती. तिथेच झाडाखाली ती सैल केली, चाक गार होऊ दिलं आणि चौथी फेरी मामांनी मारली.