भाताला गंधक द्या, पण आधी शेत कुठलं ते बघा

लावणीनंतर तीनेक आठवड्यांनी भात पिवळं दिसलं की आपला हात युरियाकडे जातो. माझाही जायचा. एका वर्षी दोनदा युरिया मारूनही डोंगराकडच्या तुकड्यातलं भात हिरवं होईना, तेव्हा मेरेवर (बांधावर) बसून एक चूड, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका, नीट पाहिला. पिवळी होती ती वरची कोवळी पानं, खालची जुनी हिरवीच. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळतात. इथे कमी होता गंधक. उन्हाळ्यातल्या मातीपरीक्षेतही तेच निघालं.

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस. जांभ्याच्या मातीतलं सल्फेट त्यात धुऊन जातं, आणि युरिया-डीएपीत गंधक नसतोच. मातीत जो टिकून असतो, तो बहुतेक सेंद्रिय पदार्थात. म्हणून शेणखत आधी, पोत्यातलं खत नंतर.

एप्रिल-मेमध्ये शेतात आठ-दहा ठिकाणी 15 सेंटिमीटर खोल माती काढा, एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो तपासायला द्या. खताचा ढीग होता तिथली नको. मृदा आरोग्य पत्रिकेत गंधकाचा आकडा 10 पीपीएमखाली आला तरच पुढचा खर्च करा.

1000 चौरस मीटरला अर्धा टन चांगलं कुजलेलं शेणखत पहिल्या नांगरटीला मिसळा. कुंपणाला ग्लिरिसिडिया असेल तर त्याच्या कोवळ्या फांद्या लावणीच्या पंधरा दिवस आधी चिखलात गाडा. जाड दांडे काढून टाका, ते लवकर कुजत नाहीत आणि लावणी करताना पायाला टोचतात.

मग शेवटच्या चिखलणीला सिंगल सुपर फॉस्फेट. त्यात गंधक 11 टक्के. 1000 चौरस मीटरला अडीच किलो गंधक हवा, म्हणजे खत साधारण 23 किलो, अर्ध्या पोत्याहून थोडं कमी. स्फुरदही त्यातच मिळतं, त्यामुळे वेगळं डीएपी नको. दुकानदार गंधकाची भुकटी पुढे करेल, ती घेऊ नका. तिचं सल्फेट व्हायला हवा लागते, पाणी भरलेल्या शेतात ती पडून राहते. शिवाय सल्फेट होताना ती आपली आधीच आंबट माती आणखी आंबट करते.

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या सखल शेतात, मात्र यातलं गंधकाचं खत टाकूच नका. मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) येणाऱ्या खाऱ्या पाण्याबरोबर सल्फेट आलेलंच असतं. तिथे चिखल काळा आणि कुजक्या अंड्याचा वास असेल तर रोप उपटून मुळं बघा. पांढरी किंवा तांबूस असली तर ठीक. काळी पडली असतील तर तिथे विषारी वायू साठलाय. ओला पाला गाडला तर तो आणखी वाढतो, म्हणून खाजनात फक्त पूर्ण कुजलेलं खत घाला. मुळं काळी दिसली की ओहोटीला मानस उघडून पाणी काढा. चार-पाच दिवसांनी जमिनीला बारीक भेगा दिसल्या की पुन्हा पाणी घ्या, पण पावसाचं, खाडीचं नव्हे.