मृगाच्या आधी विहिरीचं पाणी तपासा, राख वावरात आल्यावर नाही

कास्तकार भाऊहो, थर्मल प्लांट, राखेचा बंधारा किंवा राखेची पाइपलाइन ज्यांच्या वावराजवळ आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, पाऊस तोंडावर आलाय आणि हे काम पेरणीच्या धावपळीत हमखास राहते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी प्लांटचा खसाळ्याचा राखेचा बंधारा पावसात फुटला ते आठवा. राखेचं पाणी नाल्यातून धुरा ओलांडून आत येते, पऱ्हाटी पिवळी पडून बसते, आणि पंचनाम्याच्या वेळी पहिला प्रश्न हाच, आधी पाणी कसं होतं? रिपोर्ट कोणाजवळच नसतो. मग जमीन पहिलेपासूनच खराब होती असं लिहून मोकळे. दावे इथंच बुडताना पाहिले मी.

म्हणून याच आठवड्यात, मोटर १०-१५ मिनिटं चालवा, लिटरभराची स्वच्छ प्लास्टिक बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून गच्च भरा, गट नंबर आणि तारीख टाका, त्याच दिवशी केव्हीके (कृषी विज्ञान केंद्र) किंवा जिल्ह्याच्या माती परीक्षण लॅबला द्या. सामू, ईसी (पाण्यातले क्षार), सोडियम पाहतीलच, राखेतून येणारं बोरॉन मात्र वेगळं मागा, सगळीकडे होत नाही, आधी फोन करा. ईसी २.२५ डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या वर असेल तर ते पाणी ओलिताला धोक्याचं. संत्र्याला तर बोरॉन ०.७५ पीपीएमच्या वर गेलं की त्रास, पानाचे शेंडे पिवळे होऊन जळतात. इथंच दुकानदार फसवतो, पिवळं पान पाहून बोरॉनवालंच मायक्रोन्यूट्रिएंट हातात देतो, म्हणजे रोग तोच आणि औषधही तेच! जिप्समची पोती अन् महागडं ह्युमिकसुद्धा रिपोर्ट येईपर्यंत घेऊ नका. माझा अंदाज सांगतो, नाल्याचं पाणी बादलीत रात्रभर ठेवून तळाला करडी साय बसली तर ते वावरात घेऊच नका.

राख आलीच तर त्याच दिवशी फोटो, तलाठी आणि कृषी सहायकाला लेखी अर्ज, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक ऑफिसला तक्रार, पोच घेतल्याशिवाय हलू नका. तुमची बाटली तुमच्या माहितीची, १९७४ च्या पाणी कायद्याखाली कोर्टात चालते ती मंडळाच्या अधिकाऱ्यानं रीतसर सील केलेली, म्हणून नमुना घ्या असं अर्जातच लिहा. भरपाईसाठी हरित न्यायाधिकरणात ५ वर्षांच्या आत जाता येते.

नियम आहेत हो. डिसेंबर २०१५ च्या नियमानं कूलिंग टॉवरच्या जुन्या प्लांटला एका मेगावॅट-तासाला ३.५ घनमीटरच पाणी, आणि डिसेंबर २०२१ च्या नियमानं न वापरलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये दंड. पण मंडळाचा माणूस तक्रार असल्याशिवाय नाल्यावर येत नाही, हा माझा अनुभव. पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्या का, याचा अहवाल कंपनीला दर १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागते, तो ग्रामपंचायतीमार्फत मागून घ्या.

बाकीची कामं:
– ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावरच पेरणी
– सोयाबीनची उगवण घरीच तपासा, ७० टक्के पाहिजे
– बियाण्याला ट्रायकोडर्मा, किलोला ५ ग्रॅम
– कपाशीची धूळपेरणी नको, बोंडअळी वाढते

नाल्याकडचा धुरा दीड-दोन फूट उंच करून घ्या, जेसीबी गावात आहे तोवरच.