बडोद्याच्या पावसात टिकणारी लाकडी कुंडी

लाकूड पावसाने कुजत नाही, साचलेल्या ओलीने कुजतं. म्हणून कुंडी करताना पाणी अडवण्यापेक्षा ते निघून कसं जाईल हे आधी बघा.

लाकूड सागाचंच घ्या. नवा साग महाग पडतो, पण दांडिया बाजार-रावपुऱ्याकडे एखादा जुना वाडा उतरवत असतील तर तिथल्या तुळया, फळ्या विचारून पाहा. खिळे काढून कडेचा पांढुरका भाग तासून टाका; वाळवी आधी तोच खाते, मधल्या तपकिरी गाभ्याला सहसा हात लावत नाही. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीकडून पॅलेट, म्हणजे माल ठेवायची लाकडी चौकट, मिळालं, तर त्यावरचा शिक्का बघा: ‘एचटी’ म्हणजे तापवलेलं, चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते नको. पण पॅलेटचं पाइन ओल्या मातीत फार वर्षं काढत नाही. प्लायवूडचा तर विचारच सोडा.

माप: ३ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट खोल. फळी १ इंच जाडीची. चार कोपऱ्यांत आतून २ इंची चौरस खुंट उभे करा आणि ते खाली ३ इंच बाहेर ठेवा, तेच पाय. फळ्या खुंटांना स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने जोडा, आधी बारीक भोक पाडून, नाहीतर टोकाला फळी चिरते. साधा लोखंडी स्क्रू गंजतो आणि सागावर काळे ओघळ येतात.

खरं काम तळाचं. ओल्या मातीसकट कुंडी सव्वाशे किलोच्या पुढे जाते, म्हणून तळाच्या पट्ट्या नुसत्या स्क्रूवर लटकवू नका. खाली आडव्या दोन दांड्या द्या आणि त्या पायांना पक्क्या करा. पट्ट्यांमध्ये दोन-दोन सूत, म्हणजे पाव इंच, फट सोडा. लाकूड पावसाळ्यात फुगतं, फट नसेल तर पट्ट्या एकमेकींना ढकलून बाजू उचकटतात. वर शेडनेट अंथरा. काळं प्लास्टिक फक्त चार बाजूंना आतून लावा. तळाला लावलंत तर हौद तयार होईल.

बाहेरून जवसाच्या उकळलेल्या तेलाचे, म्हणजे बेलतेलाचे, दोन हात द्या. फळ्यांची कापलेली टोकं सर्वांत जास्त पाणी पितात, तिथे तिसरा हात. पुढे दरवर्षी मे महिन्यात, लाकूड खडखडीत वाळलेलं असताना, एक हात पुरे. तेलाचे बोळे मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

गच्चीवर ठेवणार असाल तर कुंडी भिंतीलगत, खाली तुळई असेल तिथे ठेवा आणि माती जागेवर नेल्यावरच भरा.