पाच जणांच्या वर्गात बीएससी गणित

टीवायला, म्हणजे बीएससीच्या तिसऱ्या वर्षाला, गणित घेतलेले आम्ही पाच जण होतो. तीन मुली, दोन मुलगे, शिकवायला एक सर आणि एक मॅडम, आणि साठ जण बसतील एवढी खोली. तालुक्याचं कॉलेज. कुणाकडे लग्न निघालं, कुणाची एसटी चुकली, की वर्गात तिघंच उरायचो. अशा वर्गात मागच्या बाकावर लपता येत नाही. पहिला महिना मला याचा फार राग यायचा. आज जे थोडंफार गणित येतं, ते त्या लपता न येण्यामुळेच.

दहावीला मराठी माध्यम, गणितात जवळजवळ पैकीच्या पैकी. बारावीला इंटिग्रेशनची गणितं धडाधड सुटायची. त्यामुळे गणित आपल्याला येतं, अशी माझी पक्की समजूत. ती रिअल अ‍ॅनालिसिसच्या दुसऱ्या आठवड्यात मोडली; त्या विषयात प्रत्येक विधान काटेकोर सिद्ध करावं लागतं. सरांनी फळ्यापाशी बोलावलं. १, १/२, १/३, १/४ असा सीक्वेन्स शून्याकडे जातो, हे सिद्ध करायचं होतं. मला पाठच होतं: एप्सिलॉन शून्यापेक्षा मोठा असू दे, एन हा १ भागिले एप्सिलॉनपेक्षा मोठा घेऊ, वगैरे. एप्सिलॉन म्हणजे शून्याच्या किती जवळ यायचं ते अंतर, आणि एन म्हणजे कितव्या पदापासून पुढची सगळी पदं तेवढी जवळ असतात तो क्रमांक.

सरांनी थांबवलं. ‘एप्सिलॉन ०.०१ धर. एन किती?’

‘१०१, सर.’

‘मी ५००० घेतला तर?’

‘चुकेल.’

‘का?’

खडू हातात, तोंड बंद. मागून मैत्रीण म्हणाली, ‘चालेल की सर, मोठा घेतल्यानं काय बिघडतं?’ सर म्हणाले, ‘आणि ५० घेतला तर?’ मग माझी ट्यूब पेटली. साठावं पद १/६०, ते अजून ०.०१ पेक्षा मोठं, म्हणजे ५० चालणार नाही. एन एकच नसतो आणि तो आभाळातून पडत नाही. आधी समोरच्यानं एप्सिलॉन सांगायचा, मग आपण एन द्यायचा. सगळ्या एप्सिलॉनना मिळून एकच एन हवा असं म्हटलं, तर त्यापुढची सगळी पदं शून्यच असावी लागतील. शब्द तेच, नुसता क्रम बदलला तर विधान वेगळं. हे पाठांतरातून मला कधीच कळलं नसतं, आणि शंभरांच्या वर्गात मला फळ्यावर कुणी बोलावलंही नसतं.

आता दुसरी बाजू. पेपरात फिरून फिरून त्याच सिद्धता यायच्या. पाच वर्षांचे पेपर घोकले की ऐंशीच्या पुढे मार्क, आणि मी ते घेतले. मग एमएस्सीसाठी आयआयटीची जॅम ही प्रवेश परीक्षा दिली. ३ तास, ६० प्रश्न, १०० गुण. एकही सिद्धता लिहायची नाही, तरी पाठांतर तिथे कामाला येत नाही. काही प्रश्नांना एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, आणि तेवढे सगळे बरोबर धरले तरच गुण. पहिल्या खेपेला माझं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. वर्षभर घरी शिकवण्या घेतल्या, सगळ्या व्याख्या पुन्हा पहिल्यापासून केल्या, प्रत्येकीला एक उदाहरण आणि एक ‘न बसणारं’ उदाहरण जोडलं. दुसऱ्या खेपेला जागा मिळाली.

लहान कॉलेजात शिकवणं वाईट असतं असं नाही, बातमी उशिरा पोचते. एमटीटीएस नावाचं गणिताचं उन्हाळी शिबिर १९९३ पासून चालतं. काही आठवडे, राहणं-जेवण त्यांच्याकडे, आणि शिकवण्यापेक्षा प्रश्न विचारण्यावर भर. मला ते कळलं तेव्हा अर्जाची तारीख उलटून गेली होती. बीएससीच्या मुलांसाठीची माधव गणित स्पर्धाही तशीच हुकली. पुण्यात गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान, ही गणिताची संस्था, आहे, तिथपर्यंत मी पोचले ती एमएस्सीनंतर. एफवायच्या दिवाळीतच ही नावं वहीच्या मागे लिहून ठेवा, तारखा स्वतः बघत राहा.

प्रवेश घेताना ऑफिसात एक प्रश्न नक्की विचारा: शेवटच्या वर्षापर्यंत गणित मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून, चालतो ना? मुलं कमी पडली म्हणून विषयच बंद झाला, असं शेजारच्या तालुक्यात घडलंय. चार वर्षांची ऑनर्स पदवी तिथे आहे का, हेही विचारा. ‘गणित घेऊन पुढे काय, मास्तरकी?’ हे नातेवाईक विचारणारच. कॉलेजातल्या मास्तरकीला तरी एमएस्सी आणि वर सेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएचडी लागते, हे त्यांना सांगून पाहा. एमसीए आहे, विम्यातल्या जोखमीचा हिशेब करणाऱ्या अ‍ॅक्च्युअरीची वाट आहे, बँकेच्या परीक्षा आहेतच. याबद्दल माझ्यापेक्षा जाणकार भरपूर आहेत.

दरवर्षी २२ डिसेंबरला, गणित दिवसाला, आमच्याकडे पोस्टर स्पर्धा असायची आणि दरवर्षी कुणीतरी ६१७४ चं पोस्टर आणायचंच. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांचा तो आकडा. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आणि हेच करत राहा. उत्तर तीन अंकी आलं तर डावीकडे शून्य लावून ते चार अंकी धरा. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतो. तिसऱ्या वर्षी मॅडम पोस्टरसमोर उभ्या राहून म्हणाल्या, ‘येतो हे दिसतंय. पण नेहमीच येतो कशावरून?’

जवळजवळ नऊ हजार संख्या हातानं कोण तपासणार! मग आमच्यातल्या एकाच्या लक्षात आलं, की वजाबाकीचं उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरतं: सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिला फरक १ ते ९, दुसरा त्याहून मोठा होऊच शकत नाही. मोजलं तर अशा जोड्या भरल्या ५४. रिकाम्या बाकांवर कागद पसरून आम्ही त्या वाटून घेतल्या, चौघांना अकरा-अकरा आणि एकाला दहा.